दहा वाजून एकोणसाठ मिनिटं

दिवाळीच्या फराळाला आम्ही सगळे आत्याकडे जमलो होतो. असं जमलं की आमच्याकडे तीन विषय ठरलेले. कोणाची शुगर किती, यंदा चकली कोणाची बिघडली, आणि हल्लीची पिढी. तिसऱ्या विषयावर गाडी आली आणि नानाकाकांचं नेहमीचं वाक्य आलं. "एकेकाला दोन-दोन वर्षं सक्तीने मिलिटरीत घाला. पहाटे पाचला उठायला लागलं की आपोआप सरळ होतील!" सगळ्यांच्या माना हलल्या. खोटं कशाला बोलू, माझीही हलली. हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की मान आता आपली आपणच हलते.

माझा भाचा कोपऱ्यात बसून चिवड्यातले दाणे वेचून खात होता. ताईचा मुलगा. जन्म आणि वाढ अमेरिकेत, मेरीलँडमध्ये. नुकतीच अठरा वर्षं पूर्ण झालेली. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, माझं नाव आहे ना ऑलरेडी. लिस्टमध्ये."

ताई रिकाम्या बश्या गोळा करून आत निघून गेली. बश्या अजून पुरत्या रिकाम्या झाल्याही नव्हत्या.

ती लिस्ट म्हणजे 'सिलेक्टिव्ह सर्व्हिस'. अमेरिकेत राहणाऱ्या अठरा ते पंचवीस वयाच्या मुलग्यांची नावं या यादीत असावी लागतात, मग तो नागरिक असो की ग्रीन कार्डवाला. १९७३ नंतर तिथे कोणालाही सक्तीने सैन्यात नेलेलं नाही. पण १९८० पासून यादी पुन्हा सुरू आहे. उद्या गरज पडली तर शोधाशोध नको, इतकाच तिचा अर्थ. भाच्याला त्याचं काही वाटत नाही. ताईला वाटतं, पण ती बोलत नाही.

मला मात्र त्या क्षणी हेन्री गुंथर आठवला, आणि तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात आहे. नानाकाका हे वाचणार आहेत हे मला माहीत आहे. काका, रागावू नका. पूर्ण वाचा आणि मग रागवा.

हा हेन्री मला भाच्यानेच दाखवला. मागे ताईकडे गेले होते तेव्हा त्याने शाळेत या माणसावर प्रोजेक्ट केलं होतं. "मावशी, चल, तुला एक दाखवतो," म्हणून तो मला बाल्टिमोरमधल्या मोस्ट होली रिडीमर दफनभूमीत घेऊन गेला. तिथे हेन्रीची कबर आहे. तिच्यापाशी एक फलक आहे, तो २०१० साली ११ नोव्हेंबरला लावला. असामान्य शौर्य, वीरकृत्य, आणि युद्धबंदीला एक मिनिट असताना आलेला मृत्यू, असं काहीसं त्यावर लिहिलंय. मी दोनदा वाचलं. एक मिनिट?

तर त्याची गोष्ट अशी.

हेन्री गुंथरचा जन्म ६ जून १८९५ चा, बाल्टिमोरचा. घराणं मूळ जर्मन. आजी-आजोबा जर्मनीतून आलेले. त्या काळच्या बाल्टिमोरमध्ये जर्मन असणं म्हणजे काही विशेष नव्हतं. जर्मन चर्च, जर्मन दुकानं, अगदी 'जर्मन स्ट्रीट' नावाचा रस्तासुद्धा. हेन्री एका बँकेत हिशेबनिशी करायचा. लग्न ठरलेलं. म्हणजे आपल्याकडे सदाशिव पेठेत किंवा डोंबिवलीत दर चौथ्या घरात असतो तसला सरळमार्गी मुलगा. बंदूक हातात घ्यावी असं त्याच्या स्वप्नातही आलं नसेल.

एप्रिल १९१७ मध्ये अमेरिका पहिल्या महायुद्धात उतरली. मे महिन्यात सक्तीच्या भरतीचा कायदा झाला आणि ५ जूनला २१ ते ३० वयाच्या पुरुषांची देशभर नोंदणी झाली. हेन्रीला बावीस पूर्ण व्हायला एक दिवस बाकी होता. या कायद्याखाली युद्ध संपेपर्यंत सुमारे २८ लाख लोक सैन्यात ओढले गेले. हेन्री आपणहून गेला नाही. सप्टेंबर १९१७ मध्ये त्याला बोलावणं आलं आणि तो गेला.

आणि इकडे त्याच्या गावात काय चाललं होतं? जर्मन असणं एकाएकी पाप झालं होतं. सावरक्राउट या जर्मन पद्धतीच्या आंबवलेल्या कोबीला 'लिबर्टी कॅबेज' म्हणायची टूम निघाली. (हसू नका, असं बारसं कुठेही होऊ शकतं.) बाल्टिमोरच्या जर्मन स्ट्रीटचं १९१८ साली रेडवुड स्ट्रीट झालं. कोबी आणि रस्त्यांवर निभावलं असतं तर ठीक होतं. पण एप्रिल १९१८ मध्ये इलिनॉय राज्यात कॉलिन्सव्हिल गावी रॉबर्ट प्रागर नावाच्या जर्मन कामगाराला जमावाने झाडाला टांगून मारलं. अशा हवेत गुंथर आडनाव घेऊन, अमेरिकन गणवेश घालून, जर्मनांशी लढायला निघालेल्या पोराच्या मनात काय चालत असेल, याची कल्पना तुम्हीच करा.

त्याची रेजिमेंट ३१३ वी, 'बाल्टिमोरची आपली' म्हणून ओळखली जाणारी. डिव्हिजन ७९ वी. जुलै १९१८ मध्ये तो फ्रान्सला पोचला. तोवर सार्जंट झाला होता. काम कपडेलत्ते आणि सामानाच्या पुरवठ्याचं. म्हणजे बँकेतला हिशेबनीस तिथेही हिशेबच ठेवत होता.

तिथून त्याने गावी एका मित्राला पत्र लिहिलं. इथले हाल वाईट आहेत, तुला भरती टाळता आली तर काहीही करून टाळ, असा त्याचा मतलब.

बस्स. एवढंच.

पत्र लष्कराच्या सेन्सॉरने उघडलं. हेन्रीच्या बाहीवरच्या सार्जंटच्या फिती गेल्या आणि तो पुन्हा साधा शिपाई झाला. आता कोणी म्हणेल की लष्करात शिस्त हवीच. हवी ना. पण हे पत्र शत्रूला नव्हतं. त्यात तोफा कुठे लावल्यात हे नव्हतं. एका मित्राने दुसऱ्याला सांगितलेली खरी गोष्ट होती ती. त्याच वर्षी यूजीन डेब्ज या समाजवादी पुढाऱ्याला ओहायोतल्या एका युद्धविरोधी भाषणासाठी दहा वर्षांची शिक्षा झाली. त्या मानाने हेन्री स्वस्तात सुटला म्हणायचं. पण आधीच जर्मन आडनाव, त्यात ही बेअब्रू. तो मनातून खचला. इतरांपासून दूर राहू लागला. आपण खरे अमेरिकन आहोत हे सिद्ध करायचं, हा एकच ध्यास त्याने घेतला, असं त्याच्या सोबत्यांनी नंतर सांगितलं. ते टिपून घेणारा बाल्टिमोरचा पत्रकार होता जेम्स एम. केन, जो पुढे कादंबरीकार म्हणून गाजला. तो स्वतः याच ७९ व्या डिव्हिजनमध्ये होता.

आता ती सकाळ. ११ नोव्हेंबर १९१८.

फ्रान्समध्ये काँपियेन्यच्या जंगलात उभ्या असलेल्या रेल्वेच्या डब्यात पहाटे पाचच्या सुमारास युद्धबंदीवर सह्या झाल्या. अंमल सकाळी अकरापासून. मधले सहा तास कशाला? तर शेकडो मैलांच्या आघाडीवर निरोप पोचायला वेळ हवा म्हणून. हे मी मान्य करते, मोबाइलचा जमाना नव्हता. पण हेही ऐका. जर्मन शिष्टमंडळ ८ नोव्हेंबरला तिथे आलं तेव्हाच त्यांनी विनंती केली होती की वाटाघाटी चालू आहेत तोवर लढाई थांबवू. मार्शल फॉशनी ती फेटाळली. आणि ११ तारखेला सकाळी अमेरिकन सेनापती पर्शिंग यांच्या मुख्यालयातून जो आदेश खाली गेला त्यात अकराला लढाई थांबेल एवढंच होतं. अकरापर्यंत काय करायचं, यावर एक अक्षर नाही. ज्याने त्याने आपल्या मनाने ठरवायचं.

मग ज्याने त्याने ठरवलं. काही अधिकाऱ्यांनी शहाणपणा केला, माणसं आडोशाला बसवली आणि घड्याळाकडे बघत राहिले. काहींनी केला नाही. ८९ व्या डिव्हिजनच्या जनरल राइट यांनी स्तने नावाचं गाव त्या सकाळी जिंकून घेतलं. एक कारण असं की तिथे आंघोळीची सोय होती आणि आपले दमलेले जवान बरेच दिवस धड अंघोळ करू शकले नव्हते. त्या अंघोळीसाठी तीनशेच्या वर माणसं मेली किंवा जखमी झाली.

हेन्रीच्या रेजिमेंटपर्यंत बातमी पोचली दहा वाजून चव्वेचाळीस मिनिटांनी. सोळा मिनिटं उरली होती. ब्रिगेडच्या जनरलचा हुकूम होता की अकरा वाजेपर्यंत जराही ढिलाई चालणार नाही. व्हर्दूनच्या उत्तरेला शोमाँ नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे रस्त्यावर जर्मनांनी मशीनगन लावून नाकेबंदी केली होती. दाट धुकं होतं. अमेरिकन शिपाई जमिनीला चिकटून पडले होते. आणि एकदम हेन्री उठला. संगीन लावलेली रायफल घेऊन त्या मशीनगनच्या दिशेने धावत सुटला. त्याचा जिवलग मित्र त्याच तुकडीत सार्जंट होता. त्याने ओरडून थांब म्हणून सांगितलं. हेन्री थांबला नाही.

आणि मग जर्मन सैनिक काय करत होते? ते हात हलवून त्याला परत जायला सांगत होते! युद्ध एका मिनिटात संपतंय हे त्यांनाही माहीत होतं. शत्रू म्हणत होता, बाबा रे, नको, मागे फिर. हेन्री गोळ्या झाडत पुढेच येत राहिला. मशीनगनची एक छोटी फैर झाली. वेळ दहा वाजून एकोणसाठ मिनिटं. वय तेवीस.

त्या दिवशी मेलेला तो एकटा नव्हे. दोन्ही बाजू मिळून त्या एका दिवसात सुमारे २,७०० माणसं मेली, असं इतिहासकारांचं गणित आहे. म्हणजे निकाल लागलेल्या युद्धात! फ्रेंचांचा ओग्युस्तँ त्रेब्युशाँ अकराला दहा-पंधरा मिनिटं असताना मेला. जेवण कधी आणि कुठे मिळणार, हा निरोप घेऊन चालला होता तो. फ्रेंच सरकारने त्याच्या मृत्यूची तारीख १० नोव्हेंबर अशी लिहिली. शेवटच्या दिवशी माणूस मेला हे लिहायचीच लाज वाटली असावी. निदान लाज तरी वाटली!

नेहमीचा आक्षेप मला माहीत आहे. जर्मनांनी करार मोडला असता तर? मोक्याच्या जागा हातात नकोत का? याला उत्तर त्या करारातच आहे. व्यापलेला सगळा मुलूख जर्मनांनी दोन आठवड्यांच्या आत सोडून जायचा, हे त्यात लिहिलेलं होतं. शोमाँ गाव दोन आठवड्यांत चालत जाऊन घेता आलं असतं. हातात काठी घेऊन.

आता या सगळ्यातली मला सगळ्यात जास्त टोचणारी गोष्ट. हेन्री मेल्यावर काय झालं? पर्शिंग यांच्या आदेशपत्रकात युद्धात पडलेला शेवटचा अमेरिकन म्हणून त्याचं नाव आलं. काढून घेतलेलं सार्जंटपद परत मिळालं. डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस क्रॉस मिळाला. १९२३ साली त्याचं शव फ्रान्सहून आणून बाल्टिमोरमध्ये पुरलं. पुढे फलक लागले, अगदी फ्रान्समध्येही, तो पडला त्या ठिकाणी.

म्हणजे बघा. खरं लिहिलं तेव्हा फिती काढल्या. विनाकारण मेला तेव्हा फिती परत दिल्या.

मला विचाराल तर हेन्री गुंथरने आयुष्यात एकच वीरकृत्य केलं, आणि ते म्हणजे ते पत्र. स्वतः खड्ड्यात असताना दुसऱ्याला 'तू इकडे येऊ नकोस' म्हणून सांगणं, याला मी धैर्य म्हणते. दहा एकोणसाठची ती धाव म्हणजे शौर्य नव्हे. एका अपमानित मुलाने पुन्हा आपल्यात घ्या म्हणून केलेला आक्रोश होता तो. तो समोरच्या जर्मनांनासुद्धा समजला. त्याच्या वरिष्ठांना समजला नाही. की समजला म्हणूनच पदक दिलं? कारण पदक दिलं की प्रश्न मिटतो. 'शूर होता हो पोरगा' म्हटलं की त्याला सोळा मिनिटं आधी कोणी थांबवलं का नाही, हे कोणी विचारत नाही. अमेरिकन काँग्रेसच्या एका समितीने त्या शेवटच्या सकाळची चौकशी केली, १९२० मध्ये. अधिकाऱ्यांच्या साक्षी झाल्या, आम्ही वरचा हुकूम पाळला असं सांगून झालं. शिक्षा कोणालाच झाली नाही. शिक्षा झाली ती फक्त पत्र लिहिणाऱ्याला.

आपला याच्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर साताऱ्याकडे जाऊन या. त्या भागात आणि कोकणातही कितीतरी गावांत इंग्रजांनी बसवलेल्या शिळा आहेत. १९१४ ते १९१९ च्या महायुद्धात या गावातून इतके गेले, त्यातले इतके परत आले नाहीत. फक्त आकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण त्या युद्धात गेले, गावाला नावच 'अपशिंगे मिलिटरी' पडलं. आपले सैनिक सक्तीने नेलेले नव्हते, निदान कागदावर तरी ते स्वखुशीचे. पण सेन्सॉर त्यांच्याही मागे होता. फ्रान्समधल्या हिंदुस्थानी सैनिकांची पत्रं उघडून वाचायला इंग्रजांनी स्वतंत्र कचेरी काढली होती. मग आपली माणसं काय करायची? सांकेतिक भाषेत लिहायची. काळी मिरी म्हणजे आपले शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली म्हणून लिहिलं की घरच्यांनी समजून घ्यायचं, आणि धाकट्याला पाठवायचं नाही. हेन्रीने जे उघड लिहिलं तेच आपल्या लोकांनी मिरीमिरचीच्या आडून लिहिलं. शिळेवर त्यातलं काहीच नाही.

तेव्हा नानाकाका, आता तुमचं वाक्य. शिस्त लागावी म्हणून सक्तीने मिलिटरीत.

पहिली गोष्ट, सैन्य म्हणजे संस्कारवर्ग नव्हे. ते लढायला असतं. आपला देश १९४७ पासून एवढी युद्धं लढला, तीही स्वखुशीने भरती झालेल्यांच्या जोरावर. ज्यांनी आपणहून हे पत्करलं त्यांच्याबद्दल मला आदर आहे, आणि म्हणूनच त्यांच्या कामाला आपण पोरांना वळण लावायची शाळा समजू नये असं वाटतं.

दुसरी गोष्ट, सक्ती सगळ्यांना सारखी असते हा भ्रम आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात १८६३ साली ३०० डॉलर भरले की सुटका होत असे. व्हिएतनामच्या वेळी कॉलेजात असलं की बोलावणं पुढे ढकललं जायचं. आपल्याकडे काय होईल हे मी सांगायला हवं का? तुमच्या-माझ्या ओळखीतले किती जण डॉक्टरचं सर्टिफिकेट आणतील, मोजा. आणि मग यादीत उरेल कोण? फराळाला जमलेल्यांपैकी कोणी नाही. आपल्याकडे सकाळी दूध टाकायला येतो त्याचा मुलगा.

आणि तिसरी, सगळ्यात महत्त्वाची. सक्ती म्हटली की पहिल्यांदा बळी जातो पत्राचा. जो आपल्या मनाने आला नाही त्याने 'मला इथे यायचं नव्हतं' असं म्हणून चालत नाही, कारण त्याचं ऐकून दुसरा येणार नाही. त्यामुळे त्याला गप्प करावंच लागतं. मुलगा तुमचा असतो, पण त्याचं शेवटचं मिनिट तुमचं नसतं, त्याचंही नसतं. ते दुसऱ्याच कोणाच्या घड्याळात असतं.

हे सगळं त्या दिवशी फराळाच्या वेळी मला बोलता आलं नाही. मी मान हलवून मोकळी झाले. म्हणून इथे लिहिलं.

भाचा परत जायला निघाला तेव्हा मी त्याला विचारलं, काय रे, तुला भीती नाही वाटत? तो म्हणाला, "नाही गं मावशी, कोणी बोलावणार नाहीये." मग थोडं थांबून म्हणाला, "आणि बोलावलं तर मी लेटर लिहीन."

लिही बाबा. मराठीत लिही म्हणजे सेन्सॉरला जरा वेळ लागेल. तुझी मराठी बघता आम्हालाही लागेल म्हणा. पण लिही.